टक्के कोणत्या उजेडातले?

चालकाने नुसती हाताची खूण करावी आणि गाडीतल्या रेडिओचा आवाज कमी व्हावा, यासाठी संगणकाला खुणा ओळखायला शिकवतात. २०१६ साली एनव्हिडिया कंपनीतील पावलो मोल्चानोव व सहकाऱ्यांनी २० जणांकडून २५ प्रकारच्या खुणा करवून घेतल्या. केवळ रंगीत चित्रांवरून संगणकाने ७४.१ टक्के खुणा ओळखल्या. अंतर मोजणारे व अवरक्त कॅमेरे यांची जोड मिळाल्यावर हे प्रमाण ८३.८ झाले. त्याच खुणा माणसांनाही ओळखायला दिल्या; त्यांचे प्रमाण ८८.४ होते. तुलनेसाठी माणसांचीही परीक्षा घेतली, हा या कामाचा गुण.

उणीव आहे ती उजेडाची. प्रयोग खोलीत, गाडीच्या प्रतिकृतीत, प्रखर आणि मंद अशा कृत्रिम दिव्यांखाली झाला. हिंगोलीहून औंढा नागनाथला जाताना उजेड असा स्थिर राहत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला १० मीटर जाते. समजा, दर १० मीटरवर झाड आहे. मग चालकाच्या हातावर दर सेकंदाला ऊन-सावली बदलेल. शिवाय उन्हातही अवरक्त किरण असतात. त्यांच्यापुढे कॅमेऱ्याने सोडलेले किरण फिके पडतात.

म्हणून ८३.८ हा आकडा आम्ही खोलीतलाच मानतो, रस्त्यावरचा नव्हे. अशी टक्केवारी वर्गात आली, की विद्यार्थ्यांनी आधी विचारावे : कोणत्या उजेडात?