खर्जाचा खेळ : चरणजित सिंग यांची दहा रागांची तबकडी

चित्रपटगीतातला आवाज, शब्द, बासरी, व्हायोलिनांचा ताफा हे सारे श्रोता ओळखतो. बास गिटार त्याच्या कानावर पडते, पण तिच्याकडे लक्ष जात नाही. ती काढून टाकली, तर गाणे पोकळ झाल्याचे तेवढे जाणवते. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात हे काम करणाऱ्यांची नावेही तबकडीच्या वेष्टनावर सहसा छापली जात नसत. अमेरिकेत फंक संगीताने हे वाद्य पुढे आणले. १९७० साली जेम्स ब्राउन यांच्या ताफ्यात दाखल झालेला बूट्सी कॉलिन्स आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ठाम उभे राहून बाकीच्या मात्रांशी खेळायला शिकला, आणि काही वर्षांतच स्वतःच्या नावाने तबकड्या काढू लागला. आपल्याकडे बासवादकाने असा मनमोकळा खेळ केल्याचे उदाहरण शोधताना मी चरणजित सिंग यांच्या १९८२च्या तबकडीपाशी थांबतो.

तिचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. प्रकाशक एचएमव्ही. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. बास गिटार, ट्रान्झिकॉर्ड, पुढे सिंथेसायझर अशी वाद्ये त्यांनी हाताळली. ‘कुर्बानी’पासून डिस्कोची लाट होती, ‘डिस्को डान्सर’ही त्याच वर्षीचा. चित्रपटांत सगळीकडे डिस्कोच वाजत असताना तबला बंद ठेवून त्याच ठेक्यावर राग वाजवले तर, असा विचार आपल्या मनात आला, असे त्यांनी उतारवयात सांगितले होते. साधने तीन, तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची : सुरावटीसाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जासाठी टीबी-३०३. यातल्या ‘टीबी’चा अर्थ ट्रान्झिस्टर बास, म्हणजे बासवादकाच्या जागी ठेवायचे यंत्र. थोडक्यात, एका बासवादकाने स्वतःचे काम यंत्राला दिले आणि स्वतः वरच्या सुरावटीकडे गेला.

तबकडी त्या वेळी खपली नाही. २००२ साली एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० साली पुन्हा निघाली, आणि परदेशात एकच गलका झाला. शिकागोच्या तरुणांनी हेच पडून राहिलेले यंत्र वापरून १९८७ साली ‘ॲसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार गाजवला. तो पाच वर्षे आधी मुंबईत जन्मला होता काय? काहींना तर सगळी थट्टाच वाटली. चरणजित सिंग सत्तरीत युरोपच्या मंचांवर वाजवून आले आणि २०१५ साली निवर्तले.

‘कोण पहिला’ हा निकष मला इथे अपुरा वाटतो. शिकागोच्या संगीतात एकच सुरावळ फिरत राहते आणि वादक यंत्राच्या खुंट्या पिळत तिचा नाद बदलतो. कान नादाकडे लागतात. चरणजित सिंग यांचे लक्ष स्वरांकडे आहे. खालची सुरावळ फिरत राहते ती वरच्या बढतीला आधार म्हणून. हे आपल्याला नवे नाही. पुण्यात तबल्याच्या एकलवादनाला बसणाऱ्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. तो लेहरा आहे. सारंगीवर किंवा हार्मोनियमवर अखंड फिरणारी, तालाचे आवर्तन राखणारी धून. टीबी-३०३मध्ये एका फेऱ्यात जास्तीत जास्त १६ पायऱ्या बसतात. तीनतालाच्या मात्राही १६. हा योगायोगच, पण वादकाने तो पुरेपूर वापरला आहे. रागसंगीतात पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरमेळ नाहीत, त्यामुळे बासने हालचाल करायची कशाच्या आधारे, हा मोठा प्रश्न होता. त्याने रागाचेच स्वर घेऊन लेहरा धरायचा, हे या तबकडीचे उत्तर आहे. यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. तिच्यामुळे मींडेचा धूसर भास होतो.

कलावती आणि मालकंस या औडव रागांत हे उत्तम जमते. स्वर कमी, मधली अंतरे मोठी, त्यामुळे खालची नक्षी स्वच्छ राहते. तोडीत मात्र बिनसते. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला असतो, आणि कळफलकाच्या ठरीव स्वरस्थानांत तो सापडत नाही. रागांचा क्रमही खोडकर आहे. भैरव आणि ललत या पहाटेच्या रागांनंतर संध्याकाळचा भूपाली येतो, त्यामागून सकाळची तोडी. समयसिद्धान्त मानणाऱ्याच्या भुवया इथे उंचावणारच.

खरी उणीव मात्र तालात आहे. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोक्याला सारखाच पाय पडतो. सगळ्या टाळ्याच, खाली कुठेच नाही. समेचा आनंद खालीच्या रितेपणावर उभा असतो. तोच नसल्यामुळे वरच्या सुरावटी कितीही चपळ असल्या तरी समेवर येऊन मिळाल्याचे समाधान देत नाहीत. फंकने पहिल्या मात्रेला वेगळा मान देऊन हे दुखणे टाळले होते.

तरीही मला ही तबकडी मोलाची वाटते, आणि त्याचे कारण संगीताबाहेरही आहे. त्यानंतरच्या दोन दशकांत सिंथेसायझर आणि संगणकाने मुंबईतले मोठमोठे वाद्यवृंद रिकामे केले. कित्येक वादकांचा रोजगार गेला. बासवादकाची जागा घेणारे यंत्र एका बासवादकाने इतक्या लवकर हाती घेतले, त्याला लेहऱ्याला बसवले आणि स्वतःला गाण्याच्या तळातून मोकळे केले. यंत्र कोणाच्या हाती आहे आणि त्याच्याकडून कोणते काम करून घेतले जाते, यावर किती अवलंबून असते, हे इथे कानांनी समजते.

आपल्या संगीतसमीक्षेने ही तबकडी दोनदा हुकवली : एकदा डिस्को म्हणून, नंतर परदेशी कुतूहल म्हणून. तबल्याच्या एखाद्या जुन्या एकलवादनाशेजारी ठेवून तिच्यातला कलावती ऐकावा. लक्ष मुद्दाम खालच्या सुरावळीवर ठेवावे. थोड्या वेळाने बोटे आपोआप मात्रा मोजू लागतात, आणि खालीपाशी येऊन अडतात.