झाड, कावळा आणि मुलांचे पुस्तक

मराठीत मुलांच्या पुस्तकाची दखल घेतली जाते ती बहुधा दोन-चार ओळींत. 'सुबक छपाई, आकर्षक चित्रे, पर्यावरणाचा मोलाचा संदेश' एवढे लिहिले की समीक्षकाचे काम संपते. निसर्गावरच्या पुस्तकात संदेश आहे ना, मग ते चांगलेच असणार, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक आम्हांला तपासून पाहावेसे वाटते. कारण आपल्या अनेक घरांत अभ्यासाबाहेरचे पुस्तक वर्षाकाठी एखाददुसरेच येते. ते एक पुस्तक मुलाला काय देते, हा प्रश्न म्हणूनच लहान नाही.

पुण्याच्या शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तुजाबाद. मुठेच्या काठची ही पेठ. मुलांसाठी निगुतीने चित्रपुस्तके काढणाऱ्या ज्योत्स्ना प्रकाशनाचा पुण्यातला पत्ता याच पेठेतला. माधुरी पुरंदरे यांची बरीच पुस्तके याच प्रकाशनाची. पुरंदरे यांना 2014 साली साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांनी मराठीत आणलेले 'झाडं लावणारा माणूस' हे ज्याँ जिओनो या फ्रेंच लेखकाचे छोटे पुस्तक आम्ही मुद्दाम विचारासाठी घेतो, कारण निसर्गाच्या पुस्तकांची यादी निघाली की त्याचे नाव येतेच, आणि ते योग्यच आहे.

या कथेतला एकटा मेंढपाळ उजाड डोंगरावर ओकच्या बिया पेरतो. रोज रात्री बिया निवडून शंभर चांगल्या बाजूला काढतो. तीन वर्षांत एक लाख बिया पेरल्या, वीस हजार उगवल्या, त्यांतल्याही निम्म्या जातील, असा त्याचा हिशेब आहे. कथेचे मोठेपण आम्हांला या हिशेबात दिसते. कोणी भाषण करीत नाही, कोणी घोषणा देत नाही. दहातले नऊ कष्ट वाया जाणार हे ठाऊक असूनही माणूस दुसऱ्या दिवशी पेरायला जातो. मुलाला सबुरी शिकवायची तर अशी.

तरीही हे पुस्तक मुलाला देताना मोठ्यांनी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, ही कल्पित कथा आहे. असा माणूस खरोखर होऊन गेला असे पुष्कळ वाचक समजतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जिओनोचा नायक कोवळी रोपे वाचावीत म्हणून मेंढ्या कमी करतो आणि मधमाश्या पाळतो. त्याच्या डोंगरावर ते शोभते. आपल्याकडे बारामती-इंदापूरच्या बाजूला पसरलेला गवताळ माळ मात्र ओसाड नाही. लांडगा आणि चिंकारा तिथलेच. मेंढ्या घेऊन फिरणारा धनगरही तिथलाच. त्या माळावर सरसकट झाडे लावणे म्हणजे कोणाचे तरी घर मोडणे. 'झाडे लावा' एवढाच निसर्गाचा आदर, असे मुलाच्या मनात बसले तर चांगल्या पुस्तकातूनही अर्धवट शहाणपण येईल.

दुसरा मासला आपल्या सर्वांच्या ओळखीचा, काऊ-चिऊच्या गोष्टीचा. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. कावळा लबाड, चिमणी शहाणी. गोष्ट गोड आहे, ती बंद करा असे आमचे म्हणणे नाही. पण कावळा काड्यांचे घरटे बांधतो, त्यात कोकिळा अंडी घालते आणि कावळा ती पिले वाढवतो, हे मुलाला कधी कळणार? कोल्हा लुच्चा, साप दुष्ट, कावळा घाणेरडा, अशी एकेका जमातीवर कायमची शिक्के मारणारी गोष्ट फक्त जनावरांपुरती राहत नाही. शिक्का मारायची सवय लागते. ती सवय माणसांपर्यंत कशी पोहोचते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

याउलट सलीम अलींची गोष्ट पाहा. शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मुलांना सांगताना या प्रसंगाची हमखास पश्चात्तापाची कथा केली जाते. प्रत्यक्षात त्या मुलाला पडला होता तो प्रश्न: ही कोणती चिमणी? तो प्रश्न त्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत घेऊन गेला. पुढे अभ्यासासाठी नमुने गोळा करताना त्यांनी बंदूक वापरलीच. 1985 सालच्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीचेच नाव दिले. वीणा गवाणकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे. छोटा नागपूरच्या जंगलांत पक्षी पाहणाऱ्या जमाल आरा यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी मुलांचे पक्षीनिरीक्षणाचे पुस्तक लिहिले. ही नावे आपल्या मुलांना पाठ असायला हवीत, आणि ती केवळ अभिमानासाठी नव्हेत. त्यांनी आधी नीट पाहिले आणि मग बोलले, म्हणून.

आपल्या मुलांकडे तर एक जास्तीची पुंजी आहे. घरातली फाख्ता शाळेत होला होते, मैना साळुंकी होते, अबाबील पाकोळी होते. मुंगी, मधमाशी आणि कोळी ही नावे ती सुरांच्या नावांतून ऐकतच वाढतात. पण नाव ऐकणे वेगळे आणि भिंतीवरच्या कोळ्याचे जाळे विणून होईपर्यंत थांबणे वेगळे. पुस्तकाने ही दुसरी गोष्ट करून घ्यावी.

म्हणून निवड करताना आम्ही तीन गोष्टी पाहतो. चित्रातला पक्षी बाहेर दिसल्यावर ओळखू येईल का? प्राणी स्वतःसाठी जगताना दिसतो, की आपल्याला बोध देण्यापुरता येतो? आणि मुलाच्या गल्लीतला निसर्ग त्यात आहे का? चित्रांतली नदी नेहमी निळी असते. शनिवार पेठेतले मूल मुठेचे काळे पाणी पाहते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून हीच नदी इथल्या वाड्यांत शिरली, हे त्याने आजोबांच्या पिढीकडून ऐकलेले असते. निळी नदी दाखवून त्याला सांगता येईल, की नदी दूर कुठेतरी असते. काळी नदी दाखवली तर ते विचारील, ही अशी कोणी केली? हा प्रश्न विचारू देणारे पुस्तक मिळाले, तर यंदाच्या ईदीत तेच द्यावे.