सुती काठाची सावित्री

३ जानेवारीला महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून मुली सावित्रीबाई फुले होऊन येतात. बहुतेकींच्या अंगावर भाड्यानं आणलेली, चकचकीत जरीची तयार नऊवारी असते. सोबत नथ, गजरा, कंबरपट्टा. सावित्रीबाईंच्या आयुष्याशी यातल्या कशाचंच नातं नाही. यंदा एका शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत त्या मुलींत तिसरीतल्या एका मुलीचा घरी शिवलेला पोशाख पाहायला मिळाला. तो अगदी बारकाईनं पाहावा असा होता.

साडी आजीच्या जुन्या सुती इरकलीतून बेतलेली. लहान अंगाला पुरे नऊ वार लागत नाहीत. कुठलं कापड ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, यातच शिवणारीची नजर कळते. या बाईंनी काठ कुठेही तुटू दिला नव्हता. निऱ्या टाके घालून कमरपट्टीवर बसवलेल्या, काष्टा मागे पक्का शिवलेला, आणि कमरेला नाडी, म्हणजे पुढच्या वर्षीही हा पोशाख अंगाला येईल. पदर मात्र मोकळा ठेवला होता. हा निर्णय मला सगळ्यात आवडला. टाचून टाकलेला पदर तसबिरीतल्यासारखा जागच्या जागी राहतो. मोकळा पदर मुलीला सांभाळावा लागतो. फळ्याकडे वळताना तिनं तो खांद्यावरून ओढून कमरेला खोचला आणि मग खडू उचलला. तेवढ्या हालचालीत शिक्षिका उभी राहिली. धुऊन धुऊन मऊ पडलेलं सूत अंगाबरोबर वळतं, भाड्याच्या चकचकीत कापडाला ते जमत नाही.

चेहऱ्यावर पेन्सिलीच्या सुरकुत्या नव्हत्या, केसांना पांढरी पावडर नव्हती. हेही किती योग्य! १८३१ साली नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यातली मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. भिंतीवरच्या तसबिरी पाहून पाहून आपण त्यांना कायमचं प्रौढ करून टाकलं आहे. या पोशाखानं त्यांचं कोवळं वय त्यांना परत दिलं.

हातात पुस्तक सगळ्याच मुलींच्या होतं. हिच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत घडी घातलेली दुसरी साडी. नेसलेल्या साडीच्या घेरावर गेरूच्या पाण्याचे शिंतोडे उडवलेले. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण-चिखल फेकत, म्हणून त्या जास्तीची साडी जवळ ठेवत आणि शाळेत पोचल्यावर बदलत, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती सांगायला इथे भाषण लागलं नाही. चिखल फेकणारे रंगमंचावर कुठेच नव्हते, तरी ते त्या घेरावर दिसत होते. आणि पिशवीतली साडी त्याहून पुढचं सांगत होती: आज काय होणार हे या बाईला घरातून निघतानाच ठाऊक आहे, आणि तरीही ती निघाली आहे. धैर्य दाखवायला मुलांच्या हाती तलवारच द्यावी लागते असं नाही, हे मला त्या पिशवीनं पटवलं.

खटकली ती कपाळावरची चिकटवायची टिकली. जरासं मेण लावून त्यावर कुंकू टेकवलं असतं तर ते त्या सुताशेजारी शोभलं असतं. बाकी कुठेही हात लावावा असं वाटलं नाही.

त्या दिवशी पहिलं बक्षीस जरीच्या साडीला मिळालं. वेशभूषा स्पर्धांच्या परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: गुण मांडण्याआधी दोन मिनिटं मुलांजवळ जा, कापड हातात घेऊन पाहा, आणि पिशवीत काय आहे, ते त्यांनाच विचारा.