फ्लेमिंगची गोष्ट आणि ‘पुरेशी’ मात्रा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ११ डिसेंबर १९४५ रोजी पेनिसिलिनवर नोबेल व्याख्यान दिले. त्याच्या अखेरीस एक छोटी गोष्ट आहे. श्रीयुत ‘क्ष’ यांचा घसा दुखतो. ते पेनिसिलिन विकत आणून अपुरे घेतात. घशातील स्ट्रेप्टोकोकाय मरत नाहीत. उलट औषधाला तोंड द्यायला शिकतात. पुढे त्याच जंतूंनी पत्नीला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती दगावते. तात्पर्य, घ्यायचे तर पुरेसे घ्या.

वर्गात सांगायला ही गोष्ट उत्तम आहे. पण ती जशीच्या तशी सांगावी का?

पहिली अडचण ‘पुरेसे’ या शब्दाची. गंभीर संसर्गात शिरेतून देतात ते मेरोपेनेम पाहा. प्रौढाला साधारणपणे १ ग्रॅम दर ८ तासांनी देतात. मेंदूच्या आवरणाचा दाह असल्यास २ ग्रॅम. दिवसाचे ३ ग्रॅम एकदम का देत नाहीत? मूत्रपिंडे निरोगी असतील तर सुमारे तासाभरात रक्तातील औषध निम्मे होते. जंतूंना रोखणारी पातळी किती वेळ टिकते, यावर या औषधाचा गुण अवलंबून असतो. मूत्रपिंडे मंदावली असतील तर डॉक्टर मात्रा घटवतात. म्हणजे ‘पुरेसे’ यात वजनाइतकेच घड्याळही आले.

दुसरी अडचण ‘शिकतात’ या शब्दाची. जिवाणू शिकत नाहीत. दाद न देणारे थोडे आधीच असतात. औषधाने बाकीचे मरतात आणि त्यांची प्रजा वाढते. ही नैसर्गिक निवड होय. शिवाय उदाहरणही चुकले : घसा धरणाऱ्या नेहमीच्या स्ट्रेप्टोकोकायवर पेनिसिलिन आजही चालते.

तिसरी गोष्ट फ्लेमिंगना ठाऊक असणे शक्य नव्हते. दादरशेजारी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली एक अहवाल प्रसिद्ध केला. मेरोपेनेमच्या गटातील औषधांना दाद न देणाऱ्या २४ जिवाणू-नमुन्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर सापडले. ते औषधाचा रेणूच तोडते आणि त्याचे जनुक प्लाझ्मिडवाटे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. तिथे नुसती मात्रा वाढवून भागत नाही. हात धुणे, रुग्णालयाची स्वच्छता आणि विनाकारण प्रतिजैविक न देणे हेच उपाय उरतात.

तेव्हा गोष्ट जरूर सांगावी. मात्र शेवटी तात्पर्य न सांगता विद्यार्थ्यांना विचारावे : पुरेसे म्हणजे किती, किती वेळाने आणि मुळात गरज होती का?