मास्कच्या पलीकडचा प्रश्न

२०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. हा प्रश्न विद्यापीठातल्या डिझाइन लॅबला दिला, तर पहिलं उत्तर बहुधा येईल: चांगला मास्क. मास्क हवाच. पण वणीच्या उकाड्यात तो किती वेळ तोंडावर राहील?

सिस्टिम्स थिंकिंग तुम्हाला मागे जायला लावतं. बोंडअळी बीटीला दाद देईना, म्हणून फवारण्या वाढल्या. फवारण्या वाढल्या की कीड औषधालाही सरावते, मग आणखी फवारणी. त्यात औषध विकणाराच सल्ला देतो. मास्कने हे चक्र तुटत नाही.

माझा आक्षेप पुढे आहे. बऱ्याचदा लॅब या चक्राचा बाणाबाणांचा नकाशा काढते आणि तिथेच थांबते. डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्येच मांडलं होतं की नुसते आकडे बदलून व्यवस्था फारशी हलत नाही. नियम आणि उद्दिष्टं बदलावी लागतात. ते लॅबच्या हातात नसतं.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक बाणापुढे लिहा: हा कोण बदलू शकतो? तो माणूस तुमच्या अभ्यासात नसेल, तर नकाशा भिंतीवरच राहील.