बीकन, प्रोब, फावडे

हिवाळ्यात आल्प्समध्ये, यंत्राने दाबून गुळगुळीत केलेले उतार सोडून कोऱ्या हिमाच्या ओढीने वर निघालेल्या स्कीअरच्या सामानात आपण डोकावलो, तर तीन वस्तू हमखास आढळतील. पिशवीत घडीची एक लांब सळई आणि सुटे होणारे एक फावडे. आणि जॅकेटच्या आत, छातीशी पट्ट्यांनी आवळलेले तळहाताएवढे एक यंत्र. सळईला प्रोब म्हणतात, यंत्राला बीकन. फावडे फावडेच राहते. स्नोबोर्डवाल्याकडेही हेच त्रिकूट असते. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधून बाहेर काढण्याची ही सामग्री. ती निरखू लागलो की पहिली गोष्ट मनात भरते ती अशी, की ज्याच्याजवळ ती असते त्याला ती स्वतःसाठी वापरता येत नाही. हेल्मेट आपले डोके राखते. पण आपण गाडले गेलो तर आपले फावडेही आपल्याबरोबरच गाडले जाते. ते वाहायचे सोबत्यासाठी, आणि सोबत्याने त्याचे वाहायचे आपल्यासाठी. इतकी परार्थी सामग्री दुसऱ्या एखाद्या खेळात असेल, तर मला ती ठाऊक नाही.

आधी बीकन पाहू, कारण रस तिथे सर्वांत दाट आहे. ते पिशवीत ठेवून चालत नाही; घसरत्या हिमाचा लोंढा पाठीवरची पिशवी ओरबाडून नेऊ शकतो, म्हणून ते अंगालगत, बाहेरच्या कपड्याच्या आत. सकाळी चालू केले की परतेपर्यंत ते साधारण सेकंदाला एक या लयीने ४५७ किलोहर्ट्झचा स्पंद सोडत राहते. दिवसभर तो कुणी ऐकत नाही, आणि ऐकण्याची वेळ येऊ नये अशीच सर्वांची इच्छा असते. फक्त निघताना एक छोटा विधी होतो. एकजण पुढे जाऊन आपले यंत्र स्पंद सोडण्याऐवजी टिपण्यावर, म्हणजे शोधावर, ठेवून उभा राहतो आणि बाकीचे अंतर राखून एकेक करत त्याच्यासमोरून जातात. प्रत्येकाचा स्पंद उमटला की मगच तुकडी हलते. थट्टामस्करी चालू असते, पण ही हजेरी चुकवत नाहीत.

खरी नजाकत आहे ती त्या यंत्राच्या कळीत. हिम सुटले, एकजण दिसेनासा झाला, की उरलेल्या सर्वांनी आपापली कळ प्रक्षेपणावरून शोधावर सरकवायची. एक जरी विसरला, तरी त्याच्याच छातीवरचा स्पंद इतरांच्या पडद्यांवर उमटतो आणि धडधाकट उभ्या असलेल्या माणसाचा शोध सुरू होतो. म्हणजे हिमाखालच्या एकाचा आवाज ऐकू यावा म्हणून हिमावरच्या सर्वांनी आपला आवाज बंद करायचा! मग शोधणाऱ्यावरच दुसरा लोंढा आला तर? यंत्र घडवणाऱ्यांनी तेही मनात धरले आहे. बरीचशी बीकन्स, धारकाची हालचाल काही काळ थांबली, की आपणहून पुन्हा प्रक्षेपणावर जातात. कुणाच्या तरी चिंतेतून उतरलेली ही सोय पाहिली की अभियंत्यांना रुक्ष म्हणण्याची आपली सवय सोडून द्यावीशी वाटते.

आता शोधणाऱ्याची चाल पाहा. पडद्यावरचा बाण त्याला सरळ नेत नाही, वळवत नेतो. ४५७ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेसहाशे मीटरहून अधिक, आणि शोध चालतो तो पन्नासएक मीटरच्या आत. इतक्या जवळ ती लहरीसारखी नव्हे, चुंबकीय क्षेत्रासारखी वागते. शाळेत कागदाखाली चुंबक धरून वर लोखंडाचा कीस भुरभुरवला की ज्या कमानी उमटत, त्याच कमानी इथे हिमाच्या पोटातून वर येऊन हवेत पसरलेल्या असतात, आणि बाण त्यांतल्याच एकीच्या बाजूने माणसाला चालवतो. म्हणून पडद्यावर ३२ आले तर ते नाकासमोरचे बत्तीस मीटर नव्हेत. ते त्या कमानीच्या वळणाने मोजलेले अंतर. आकडा उतरत जातो, पावले झपझप पडतात, आणि शेवटच्या तीन मीटरांत सारा नूर पालटतो. धावणारा माणूस गुडघ्यांवर येतो, यंत्र हिमाला टेकवतो, ते जराही न फिरवता आधी एका रेषेत, मग तिला काटकोनात, अगदी सावकाश सरकवतो आणि सर्वांत लहान आकड्याची जागा हेरतो. घाईच्या ऐन टोकावर सक्तीचा विलंबित! ज्याला ही लय साधली, त्याचे मित्र भाग्यवान.

हे यंत्र येण्यापूर्वी काय होते? एक लाल दोरी. गेल्या शतकाच्या आरंभापासून स्कीअर कमरेला बांधून ती मागे सोडत; माणूस बुडाला तरी हलकी दोरी वर तरंगेल ही आशा, आणि माणूस कोणत्या टोकाला आहे ते सांगणारे बाण तिच्यावर जागोजाग. कल्पना देखणी होती, पण हिम दोरीलाही गिळत असे. १९६८ मध्ये अमेरिकेत, बफेलोच्या कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीत जॉन लॉटन यांनी स्काडी नावाचे बीकन घडवले. त्याची वारंवारता २.२७५ किलोहर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाला झेपणारी. कानात इअरफोन घालून आवाज चढतो की उतरतो यावर शोध चाले. स्विस सैन्यासाठी झालेले बॅरीव्हॉक्स ४५७ वर बोलणारे. त्याला नाव मिळाले ते ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठाच्या बॅरी या कुत्र्याचे, ज्याने चाळीसहून अधिक जीव वाचवल्याचे सांगतात आणि ज्याचे पेंढा भरलेले शरीर आजही बर्नच्या संग्रहालयात उभे आहे. काही वर्षे दोन्ही वारंवारता नांदत होत्या, आणि एकीचे यंत्र दुसरीला बहिरे होते. १९८६ मध्ये ४५७ वर आंतरराष्ट्रीय एकमत झाले, १९९७ मध्ये ट्रॅकर हे पहिले डिजिटल बीकन आले, पुढे तिसरा अँटेना आला. कानाने शोधण्याची विद्या लोपली म्हणून काही जुने लोक हळहळतात. मी त्यांच्यात नाही. घाबरलेल्या माणसाच्या कानापेक्षा बाण बरा.

बीकन जागा दाखवते, माणूस नाही. तिथून पुढचा प्रांत स्पर्शाचा, प्रोबचा. अडीच-तीन मीटरची ही सळई पिशवीत हातभर तुकड्यांची जुडी होऊन निजलेली असते. ती पुढे भिरकावून आतली तार खेचली की तुकडे खटाखट एकमेकांत बसतात आणि दोन-चार सेकंदांत ताठ भाला हाती येतो. तो सरळ खाली नव्हे, उताराला काटकोनात खुपसायचा, आणि नाही लागला तर पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर चक्राकार सरकत पुन्हा खुपसायचा. जमीन लागली तर टणक ठोका मिळतो. माणूस लागला तर सळई किंचित दबून परत येते. तो लवचीक नकार एकदा हाताला कळला की सळई उपसायची नाही. तिच्यावरच्या खुणा खोली सांगतात, आणि आता तीच खणणाऱ्यांची खूण.

फावड्याला आपण या तिघांतले गावंढळ समजतो, आणि इथेच फसतो. कोसळताना मऊ भासलेले हिम थांबताक्षणी घट्ट होत जाते; प्लॅस्टिकचे पाते तिथे चालत नाही, अ‍ॅल्युमिनियमचेच हवे. मीटरभर खोल माणसापर्यंत पोहोचायला सुमारे टनभर हिम हलवावे लागते, आणि सुटकेचा बराचसा वेळ शोधात नव्हे, खणण्यातच जातो. म्हणून खणण्याचेही शास्त्र झाले. प्रोबच्या डोक्यावर उभे राहायचे नाही. खोलीच्या साधारण दीडपट अंतर खाली सरकून आडवे आत शिरायचे, हिम वर न फेकता बाजूला आणि मागे लोटायचे, आणि पुढचा दमण्यापूर्वीच मागच्याने त्याची जागा घ्यायची. ही शिस्त कशासाठी, ते स्वित्झर्लंडमधल्या नोंदी सांगतात. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जगतात; अर्ध्या तासाकडे हे प्रमाण तिशीवर येते. हेलिकॉप्टर तोवर बहुधा पोहोचलेले नसते. पोहोचलेला असतो तो सोबती.

या मेळ्यात एअरबॅग थोडी वेगळी बसते, कारण ती एकटीच सोबत्याची वाट न पाहता धारकाचे हित पाहते. दोरी खेचली की खांद्यामागे दीडशे लिटरांच्या आसपासची पिशवी फुगते. ती तरंगवते असे आपल्याला वाटते, पण तत्त्व वेगळे आहे. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात ना, तसे वाहत्या कणांत मोठा आकार वर सरकतो, आणि पिशवीने माणूस मोठा केलेला असतो. २०१४ च्या एका अभ्यासात, जे लोंढ्यात गंभीरपणे सापडले त्यांच्यातला मृत्युदर फुगलेल्या पिशवीमुळे २२ टक्क्यांवरून ११ वर आलेला दिसला. पण त्याच अभ्यासात दर पाचांतली एक पिशवी फुगलीच नव्हती, बहुधा माणसाला दोरी खेचताच आली नाही म्हणून. झाडावर वा कड्यावर आपटण्यापुढे तर तिचे काहीच चालत नाही. मी ती घेईन, पण तिच्या जिवावर उतार निवडणार नाही.

पुण्या-मुंबईची मुले आता गुलमर्गला स्की शिकायला जातात, आणि तिथला गोंडोला अफरवाटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. राखलेल्या उताराची दोरी ओलांडण्याचा मोह तिथे होतोच. ओलांडायचीच असेल तर वाटाड्याबरोबर, त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशारा वाचून, आणि ही तिन्ही अवजारे प्रत्येकाजवळ असतील तरच. बीकन भाड्याने घेतले तर दुकानातच कळ सरकवून पाहा, सोबत्याला त्याचे बीकन हिमात पुरायला सांगून ते आपल्या बीकनने एकदा शोधून काढा, आणि मोबाइल बीकनपासून दूरच्या खिशात ठेवा. स्वतःचे असेल तर हंगाम संपताच त्यातले सेल काढून ठेवा; ते आत गळले तर पुढच्या डिसेंबरात यंत्र उघडेल, पण बोलेलच असे नाही.