निषेधाचा रोख : हिरोशिमा ते मिनामाता

युद्धविरोधी चित्राची चर्चा बहुधा बांधिलकी की कलात्मकता या जुन्याच द्वंद्वात अडकते. निषेध कोणाचा आणि निषेध करणारा स्वतः कोठे उभा आहे, हा प्रश्न तीत मागे पडतो. इरी मारुकी (१९०१-१९९५) आणि तोशी मारुकी (१९१२-२०००) या जपानी चित्रकार-दांपत्याची चित्रे तो टाळू देत नाहीत.

६ ऑगस्ट १९४५ नंतर काही दिवसांतच हे दोघे आप्तांच्या शोधात हिरोशिमात पोहोचले. १९५० मध्ये, जपान अमेरिकी अमलाखाली असतानाच, 'भुते' हे पहिले चित्र आले. १९८२ पर्यंत मालिका पंधरा चित्रांची झाली. प्रत्येक चित्र सुमारे १.८ मीटर उंच आणि ७.२ मीटर लांब. तोशी पाश्चात्त्य तैलचित्रणाच्या शिस्तीत घडलेल्या, इरी शाईचित्रांच्या परंपरेतले. तोशींनी काटेकोरपणे रेखाटलेल्या देहांवर इरी शाई ओतत. देह घडवणे आणि तो झाकोळून टाकणे या दोन्ही क्रिया एकाच पृष्ठभागावर घडतात. या चित्रांची शोकात्मता विषयातून जितकी येते तितकीच या झटापटीतूनही येते. बीभत्साचे नुसते प्रदर्शन त्यामुळे टळते.

तरीही आरंभीच्या चित्रांतला जपानी माणूस केवळ बळी आहे. १९७० मध्ये ही चित्रे अमेरिकेत गेली, तेव्हा एखाद्या चिनी चित्रकाराने नानकिंगचे हत्याकांड रंगवून जपानात आणले तर काय, असा प्रश्न त्यांना विचारला गेला. प्रश्न बोचरा होता, आणि पुढील चित्रांवर त्याचा ठसा दिसतो. १९७१ च्या चित्रात हिरोशिमातील अमेरिकी युद्धकैद्यांचा मृत्यू आहे. १९७२ च्या 'कावळे'मध्ये प्रेतावस्थेतही उपेक्षित राहिलेले कोरियन आहेत : काळ्या पक्ष्यांचा लोट आणि त्यात तरंगणारा कोरियन स्त्रीचा पोशाख. १९७५ मध्ये नानकिंगही आले. येथे निषेधाचा रोख स्वसमाजाकडे वळतो, आणि करुणेचा हक्क आपलाच आहे असे मानणारा जपानी प्रेक्षक आरोपीच्या रांगेत येऊन बसतो. मालिकेतील सर्वांत समर्थ चित्र 'कावळे' हेच मानावे लागते.

पर्यावरणाचा विषय मालिकेत आधीच शिरला होता. १९५४ च्या बिकिनी येथील चाचणीची राख याइझू बंदराच्या मासेमारी नौकेवर पडली. १९५५ च्या 'याइझू' चित्राचा विषय तोच. युद्ध नसताना शस्त्र समुद्र नासवते, ही जाणीव तेथे उमटली. १९८० चे 'मिनामाता' याच जाणिवेचा विस्तार होय. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून खाडीत गेलेला पारा माशांतून माणसांत उतरला. आजाराची अधिकृत नोंद १९५६ मधली; विसर्ग थांबला १९६८ मध्ये.

परंतु येथे रूपबंधाची अडचण होते. अणुस्फोट हा क्षण आहे, त्याला शाईचा लोट पुरतो. पाऱ्याला स्फोट नाही, लखलखाट नाही. तो जेवणाच्या ताटातून वर्षानुवर्षे येतो. मारुकी मात्र हिरोशिमाचीच देहांची दाटी पुन्हा योजतात, आणि संथ विनाश अकस्मात संहारासारखा भासू लागतो. शिवाय कारखान्यातले रसायन प्लॅस्टिक-उद्योगाला लागत होते. म्हणजे त्याचा लाभार्थी शहरातला सामान्य ग्राहकही होता. 'कावळे'मध्ये जसा प्रेक्षक सापडतो, तसा हा ग्राहक 'मिनामाता'त सापडत नाही.

योगायोग असा, की 'कावळे'मागे ज्या इशिमुरे मिचिको यांच्या लेखनाची प्रेरणा होती, त्यांनीच १९६९ मध्ये मिनामातावर 'कुगाइ जोदो' हा ग्रंथ लिहिला होता. त्यात कोळ्यांची बोली आहे, समुद्रावरचे त्यांचे पूर्वीचे सुख आहे, आणि त्या सुखात हळूहळू भिनणारे विष आहे. भित्तिचित्राला जो काळ पकडता आला नाही, तो गद्याने पकडला.